अभ्यास सातपुड्याचा, महाविद्यालय सातपुड्यातले

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातची हद्द ओलांडून थोडे आत आले की अक्कलकुवा लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजार, एसटीचे स्थानक आणि पाठीमागे सातपुड्याची भिंत. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.४ टक्के होती. त्या वेळी राज्याची सरासरी ८२ टक्क्यांच्या पुढे होती आणि नंदुरबार राज्यात सर्वांत खाली होता. जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी. अक्कलकुवा हा त्याच जिल्ह्यातला डोंगराळ तालुका. एवढी माहिती घेऊन कुणी पहिल्यांदा इथे आला, तर त्याला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय, अभियांत्रिकीची इमारत आणि युनानी वैद्यकाचे महाविद्यालय या गावात एका हाकेच्या अंतरावर सापडेल अशी अपेक्षा नसते.

या संस्था जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमच्या. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी मूळचे सुरत जिल्ह्यातले. त्यांनी १९७९ मध्ये इथे अगदी थोड्या मुलांचा एक मदरसा सुरू केला. पुढे त्याच आवारात शाळा, आयटीआय, तंत्रनिकेतन, अली अल्लाना औषधनिर्माण महाविद्यालय, अहमद गरीब युनानी महाविद्यालय अशी रांग उभी राहिली. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. धार्मिक शिक्षणाच्या आवारात आधुनिक पदवी शिक्षण हवे, हा वस्तानवींचा आग्रह होता. २०११ मध्ये काही महिने ते देवबंदच्या दारुल उलूमचे प्रमुखही होते. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या परदेशी निधीबाबत अलीकडे सरकारी चौकशा झाल्या. त्या चौकशांचे जे व्हायचे ते कायद्याने होईल, त्यावर इथे लिहिण्याचे कारण नाही. इथला प्रश्न वेगळा आहे. गावात व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत, देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले इथे येऊन राहतात, मग मागच्या डोंगरातल्या पाड्यांवरची मुले या वर्गांपर्यंत किती पोहोचतात? आणि या वर्गांतून त्या डोंगराकडे काय परत जाते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मिळत नाही, ते वसतिगृहात मिळते. मोलगी पट्ट्यातल्या मुलाला अक्कलकुव्याला यायचे तर देवगोई घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात या घाटात दरड कोसळली की वाहतूक थांबते. नर्मदाकाठच्या मणिबेली, चिमलखेडीकडच्या मुलाची वाट याहून लांब आणि अवघड. रोज ये-जा करून पदवी मिळवणे अशा मुलाला शक्यच नसते. तालुक्याच्या ठिकाणी, तळोद्याला किंवा नंदुरबारला राहण्या-जेवण्याची सोय झाली, तरच त्याचे महाविद्यालय सुरू होते. डॉ. राजेंद्र भारूड यांचे उदाहरण या भागात वारंवार दिले जाते. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा भिल्ल समाजातला हा मुलगा घरापासून दीडशे किलोमीटरवरच्या अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात राहून शिकला, मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला, पुढे आयएएस झाला आणि नंदुरबारचाच जिल्हाधिकारी म्हणून आला. त्यांची हुशारी आणि आईचे कष्ट यांचे श्रेय कुणी नाकारणार नाही. पण हा मुलगा निवासी शाळेत होता, दोन वेळचे ताट आणि अभ्यासाला उजेड यांची हमी त्याला सहावीपासून होती, ही गोष्टही तितकीच मोठी आहे.

म्हणूनच २०१८चे आंदोलन समजून घ्यायला हवे. त्या वर्षी आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यावर टाकण्याचा निर्णय घेतला. जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकपर्यंत पायी निघाले आणि सिन्नर परिसरात त्यांना अडवण्यात आले. बाहेरच्यांना वाटले, रोख पैसे मिळत असताना तक्रार कसली? ज्याच्या घरची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्या मुलाच्या खात्यावर पैसे आले की त्यातला वाटा घरच्या अडचणीकडे वळतो. आले नाहीत, तर तो महिना उसनवारीवर काढावा लागतो. खानावळीत निकृष्ट जेवण मिळते हे खरे होते. पण त्यावर उपाय जेवण सुधारण्याचा होता, खानावळ काढून टाकण्याचा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. आज त्याच जिल्ह्यातली मुले खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून शिष्यवृत्तीचा हप्ता अडला, अशी कागदपत्रे घेऊन तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि सायबर कॅफेत फेऱ्या घालतात. त्यात जात वैधता प्रमाणपत्राची भर. व्यावसायिक प्रवेशासाठी ते लागतेच, आणि ते मिळवायचे तर वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचे दाखले हवेत. जे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्यांचा दाखला आणायचा कुठून? महाविद्यालयात पहिली पिढी शिकते आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या पहिलेपणाची किंमत मुलांना कार्यालयांच्या खिडक्यांवर मोजावी लागते.

पदवीला आलेल्यांपैकी बहुतेक जण कला शाखेत जातात. धडगावचे महाराज ज. पो. वळवी यांच्या नावाचे महाविद्यालय असो, तळोद्याचे असो की नंदुरबारचे जी. टी. पाटील, सगळीकडे मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल यांचे वर्ग भरलेले असतात. त्यामागे नोकरीचा हिशोब आहे. ९ जून २०१४च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक, आरोग्यसेविका अशी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखीव झाली. तेव्हापासून या पदांची ‘पेसा भरती’ हा या पट्ट्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडचा शब्द आहे. ही भरती न्यायालयात अडकली, त्यावर आंदोलने झाली. पहाटे मैदानावर पोलीस भरतीचा सराव, दुपारी वर्ग, संध्याकाळी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके, हा इथल्या विद्यार्थ्याचा दिवस असतो. त्यात चूक काही नाही. मात्र महाविद्यालय म्हणजे भरतीच्या जाहिरातीपर्यंत थांबायची जागा होऊन बसते आणि ज्ञान तयार होण्याची जागा होत नाही.

या वर्गांतून डोंगराकडे काय परत जाते, हा दुसरा प्रश्न तिथूनच सुरू होतो, आणि माझा जीव त्यातच अधिक गुंतला आहे.

सातपुड्यावर संशोधन कमी झाले आहे, असे कुणी म्हणू शकत नाही. १९०७ मध्येच जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः भिल्ली भाषा आणि खानदेशी यांवर आहे. पुढे सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली तेहतीस गावे बाधित झाली आणि हा भाग जगाच्या नकाशावर आला. महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाच्या मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. १९९२ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्गर यांच्या स्वतंत्र समितीचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षी जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जो जाहीरनामा काढला, त्याला अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीचे नाव आहे. नर्मदेच्या या काठावरून किती प्रबंध, किती पुस्तके आणि किती माहितीपट निघाले असतील! ते लिहिणारे मुंबई, दिल्ली, लंडन, अमेरिकेतले होते. त्यातले बरेचसे काम मोलाचे आहे, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण त्यातला कोणता प्रबंध अक्कलकुव्याच्या किंवा धडगावच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मुलांना वाचायला मिळतो?

आरोग्याचेही असेच. सिकलसेल हा या पट्ट्यातल्या घराघरांना माहीत असलेला आजार. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत त्यावर आयुष्यभर काम केल्याबद्दल पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखी माणसे पुण्याहून येऊन रक्ताचे नमुने तपासत होती, तेव्हा जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२० मध्ये, शंभर जागांचे. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्यानंतर बावीस वर्षांनी.

रानपिंगळ्याची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपला सगळा प्रश्न तिच्यात आहे. एफ. आर. ब्लुइट यांनी १८७२ मध्ये पहिल्यांदा टिपलेले हे छोटे घुबड, इंग्रजीत फॉरेस्ट आउलेट. जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी खानदेशात नेमणुकीवर होता. त्याने १८८४ मध्ये पश्चिम खानदेशातून जो नमुना मिळवला, तो शेवटचा. नंतर एका नामांकित इंग्रज संग्राहकाने, रिचर्ड माइनर्ट्झहागेनने, आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळाल्याची नोंद संग्रहालयात करून ठेवली. ती खोटी होती. दुसऱ्याचा जुना नमुना चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक चुकीच्या जागी शोध घेत राहिले. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्या काळातले शोधही निष्फळ ठरले. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो खोटेपणा उघडकीस आणला, जुन्या अस्सल नोंदी पुन्हा वाचल्या आणि बेन किंग, डेव्हिड अॅबट यांच्यासह २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तो पक्षी भर दिवसा फांदीवर बसलेला पाहिला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे तोरणमाळच्या जंगलात त्याचा तपशीलवार अभ्यास झाला.

त्या वेळी शहाद्यात महाविद्यालय होते. जळगावचे विद्यापीठ सात वर्षांचे झाले होते. डोंगरातली माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या ती पाखरे पाहत आली असतील. पाड्यावरच्या एखाद्या विद्यार्थ्याला कुणी प्राध्यापकाने विचारले असते, तुझ्या रानात दिवसा फिरणारे घुबड आहे का, तर कदाचित इतकी वर्षे लागली नसती. तो प्रश्न विचारण्याची सवयच आपल्या महाविद्यालयांना नव्हती.

हे होऊच शकत नाही असे मात्र नाही. धुळ्याच्या घोगरे विज्ञान महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. डी. ए. पाटील यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून धुळे-नंदुरबार जिल्ह्यांची वनस्पतिसूची तयार केली. ती २००३ मध्ये ग्रंथरूपात आली. आजही या डोंगरांतल्या झाडाझुडपांवर काम करणाऱ्याला ती हाताशी घ्यावी लागते. परदेशी शिष्यवृत्ती नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. एक शिक्षक, त्याचे विद्यार्थी आणि चिकाटी. अशी माणसे अधिक का निपजत नाहीत, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ग्रामीण महाविद्यालयांतले कितीतरी विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, सुटीचे पैसे नाहीत आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. ज्याला जूनमध्ये आपण या गावात असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून पाच वर्षांच्या क्षेत्र-अभ्यासाची अपेक्षा ठेवणे अन्याय आहे. जे कायम आहेत त्यांना बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण हवे असतात. त्या गरजेवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार पोसला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला आळा घालायला केअर यादी काढली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. या सगळ्या धांदलीत मोलगीच्या शेतातले धान्य कुणी मोजायला गेले नाही.

आणि मोजण्यासारखे तिथे खूप आहे. मोर, बर्टी, भादी ही बारीक धान्ये इथल्या उतारावर अजून पेरली जातात. धडगाव परिसरात बाएफ संस्थेने मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांचे बियाणे शेतकऱ्यांच्या हातांनी जपण्याचे काम उभे केले. एप्रिल-मेमध्ये पाड्यापाड्यांवर कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळत घातलेल्या दिसतात. हे आमचूर व्यापाऱ्याकडे जाते आणि भाव तोच ठरवतो. त्या आमचुराची आम्लता, ओलावा, साठवण यांचा अभ्यास करायला औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपेक्षा जवळची जागा कोणती? मोहाच्या फुलाचे तेच. युनानी महाविद्यालय आणि पाड्यावरचा वैदू एकाच तालुक्यात राहतात, एकाच रानातल्या मुळ्या वापरतात. त्यांची भेट झाली तर मोठे काम होईल. एक अट मात्र आधी पाळायला हवी. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे त्या ज्ञानाच्या लाभात गावाचा वाटा आहे. झाडपाल्याची माहिती घ्यायची, निबंध छापायचा आणि सांगणाऱ्याचे नावही लिहायचे नाही, ही रीत बंद झाली पाहिजे.

भाषेबद्दल थोडे. अक्कलकुव्यातला मुलगा घरी वसावी, नोयरी किंवा देहवाली बोलतो, बाजारात गुजराती मिसळलेली मराठी बोलतो आणि वर्गात पुस्तकी मराठी ऐकतो. विज्ञान घेतले की त्यावर इंग्रजी. प्राध्यापकाला त्याची भाषा येत नाही आणि आली पाहिजे असेही कुणाला वाटत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडीत जीवनशाळा सुरू केली, तेव्हा पहिल्या इयत्ता मुलांच्या बोलीतून शिकवण्याचा प्रयोग झाला. महाविद्यालयांनी त्यातून काही घेतले नाही. मराठी विभागातल्या मुलांनी आपापल्या पाड्यावरची गाणी, रोडाली, होळीच्या वेळचे बोल नोंदवून आणले तरी एक मोठा संग्रह उभा राहील. काठीच्या राजवाडी होळीला आणि भोंगऱ्या बाजाराला जाण्यासाठी दरवर्षी वर्ग ओस पडतात. ती गैरहजेरी म्हणून नोंदली जाते. तेच दिवस क्षेत्र-अभ्यासाचे मानले तर?

तशी संधी आता कागदावर आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीला क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळतात. अक्कलकुव्यासारख्या गावात कारखाने नाहीत, कंपन्या नाहीत, मग मुलांनी प्रशिक्षण घ्यायचे कुठे, असा प्रश्न प्राध्यापक विचारतात. तो खरा आहे. पण ग्रामसभा आहे, वनहक्काचे दावे आहेत, सामूहिक वनहक्काचे नकाशे करायचे आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्या अनेक ठिकाणी नुसत्या नावापुरत्या भरल्या आहेत. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने ग्रामसभांना प्रशिक्षण देण्याचा आणि गावातच पदवीचे वर्ग नेण्याचा उपक्रम केला आहे. ते विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले, म्हणजे वयाने जळगावच्या विद्यापीठापेक्षा धाकटे.

जळगावचे हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी, पुणे विद्यापीठातून खानदेशाचे जिल्हे वेगळे काढून झाले. त्याआधी अक्कलकुव्याच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे पुणे होते. जळगाव निश्चितच जवळ आले. तरीही अक्कलकुव्याहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सीमेपलीकडचे राजपिपळ्याचे बिरसा मुंडा आदिवासी विद्यापीठ अधिक जवळ. विद्यापीठाने नंदुरबारला आदिवासी अकादमी स्थापन केली, युवारंग महोत्सवात आदिवासी नृत्यांना मंच दिला. या गोष्टी चांगल्या आहेत. मंचावर नाचणाऱ्या मुलाला त्याच्या नाचाचा, भाषेचा, जंगलाचा अभ्यासक म्हणूनही विद्यापीठाने मान द्यावा, ही पुढची पायरी राहिली आहे. आविष्कार संशोधन स्पर्धेत या तालुक्यांतून येणारे विषय गावातले असावेत, मार्गदर्शकाने ते इंटरनेटवरून उचलून देऊ नयेत, इतके झाले तरी सुरुवात होईल.

वेगळ्या आदिवासी विद्यापीठाची मागणी अधूनमधून होते. माझा त्याला विरोध नाही, पण माझी भिस्त इमारतीवर नाही. अक्कलकुवा, धडगाव आणि मोलगीला कायम नेमणुकीचे प्राध्यापक, मुलींच्या वसतिगृहात पुरेशा जागा आणि खानावळीत गरम जेवण या तीन गोष्टी आधी मिळाल्या, तर विद्यापीठ जळगावला असूनही इथून संशोधन होईल. या तीन नसतील, तर अक्कलकुव्यात विद्यापीठ बांधले तरी बाहेरून आलेलेच इथला अभ्यास करतील.

पैशावाचून, येत्या शैक्षणिक वर्षापासूनही करता येईल अशी एक गोष्ट विद्यापीठाच्या विद्या परिषदेच्या हातात आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतल्या कोणत्याही गावावर झालेल्या प्रत्येक प्रबंधाची एक प्रत आणि सोप्या मराठीतला चार पानांचा सारांश त्या गावच्या ग्रामसभेला आणि तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिल्याशिवाय पदवी देऊ नये. परिषदेच्या सदस्यांनी हा ठराव मांडावा, अशी त्यांना मनापासून विनंती आहे.